अमेरिकन इतिहासावर पॉडकास्ट सुरू करताना

अमेरिकन इतिहासावर पॉडकास्ट सुरू करण्याचा आणि त्याच विषयावर मराठी मासिकात लिहिण्याचा आपला उत्साह पाहून आनंद झाला. मात्र पहिल्याच भागात संपूर्ण अमेरिकन यादवी युद्ध (उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांमधले, १८६१-६५) सांगण्याचा बेत सोडून द्यावा, कारण नवोदितांचा दम बहुधा तिथेच संपतो. एकच प्रसंग निवडा. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग या पेनसिल्व्हेनियातील रणभूमीवरच्या सैनिकी दफनभूमीत नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे. त्या दिवशीच्या एका छायाचित्रातील गर्दीत लिंकन आहेत, हे नॅशनल आर्काइव्ह्ज या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील जोसेफिन कॉब यांना १९५२ साली दिसले. एवढ्या एका छायाचित्रावरही वीस मिनिटांचा भाग सहज उभा राहतो.

सुरुवातीला इतके सांभाळा:

- लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे विनामूल्य खुली केली आहेत, ती आधी वाचा. लिंकन यांच्या नावावर खपणारी सुभाषिते मूळ सापडल्याशिवाय वापरू नका.
- पॉडकास्टची संहिता जशीच्या तशी मासिकाला पाठवू नका. ऐकताना सनावळी झेपत नाही. वाचकाला मात्र तारखा आणि नकाशा लागतो.
- लढायांच्या वर्णनात गुलामगिरीचा प्रश्न हरवू देऊ नका.

मराठी मासिकासाठी विषय हवा असेल, तर जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता, तिथून आरंभ करा. संपादकही खूश होतील. महागडा माइक आणि ध्वनिसंकलन यांचा विचार पुढे करू. तूर्त शांत खोली आणि मोबाइल पुरेसा आहे.