अमीर खाँ ऐकताना झोप येते म्हणणाऱ्या मुलीला

धुळे

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. जळगावला हॉस्टेलवर रात्री गाणं ऐकणारी मंडळी जमतात, कोणीतरी ख्यालगायक अमीर खाँसाहेब लावतं, सगळे डोळे मिटून माना डोलावतात आणि तुला मात्र झोप येते. कुमारजी (कुमार गंधर्व) तुटक वाटतात, मल्लिकार्जुन मन्सूर दम खाऊ देत नाहीत, केसरबाई केरकरांच्या रेकॉर्डमध्ये खरखरच जास्त ऐकू येते. तरी तूही मान डोलावतेस आणि खोलीवर परतल्यावर स्वतःवरच चिडतेस. 'बाई, माझ्या कानातच काही कमी आहे का?' असं विचारलंयस.

कानात काहीही कमी नाही. शाळेतल्या पेटीचा एक स्वर उतरलाय हे वर्गात सगळ्यांत आधी तुझ्या लक्षात आलं होतं, तेव्हा तू सातवीत होतीस. कानाची काळजी करू नकोस.

ते मान डोलावणं मात्र थांबव. दाद गाणाऱ्याला दिलेली असते खरी, पण ती देताना आपण आपल्याशीही एक खूण करत असतो, की हे मला भिडलं. न भिडताच खुणा करत गेलीस तर उद्या खरोखर काही भिडेल तेव्हा ते वेगळं ओळखू येणार नाही. गटात कोणी विचारलं तर सरळ सांग, मला अजून सापडलेलं नाही. गाण्यावर खरं प्रेम करणारा माणूस यावर हसत नाही. तो लगेच दुसरी रेकॉर्ड शोधायला लागतो. आणि याच्या उलट्या टोकालाही जाऊ नकोस. 'उगाच मोठे केलेले लोक' असं म्हणून मोकळं होणं तुझ्या वयात फार सोपं असतं. चार पिढ्यांचे जाणकार ज्या माणसासाठी जीव टाकतात, त्याच्याकडे काही नसेल असं समजायला फारच मोठा पुरावा लागेल.

आता खाँसाहेबांचं बघू. तुझी खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

तू भीमसेनजींवर वाढलीस. आषाढीच्या दिवसांत तुमच्या घरी पहाटेपासून त्यांचे अभंग लागतात, मी ऐकले आहेत. त्या गाण्यात क्षणाक्षणाला काही घडतं: आवाज झेप घेतो, तान कोसळते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अंगावर काटा येतो. तोच काटा शोधत तू अमीर खाँकडे जातेस आणि तिथे अर्धा तास काहीच घडत नाही. घडतं, पण तू पाहतेस तिथे नाही. खुद्द भीमसेनजी या माणसाला फार मानत, हे लक्षात ठेव.

आधी एक अगदी साधी गोष्ट. खाँसाहेबांना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. त्यांच्या गाण्याचा अर्धा जीव खर्जात, मंद्र सप्तकात आहे आणि एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर धड निघतच नाहीत. तानपुऱ्याचा गुंजारवही नाहीसा होतो. मागे राहतो तो एक हळू चाललेला, पोकळ आवाज. त्यावर झोप येणारच. बरे हेडफोन घे, किंवा कोणाकडे जुने मोठे स्पीकर असतील तिथे जा. निम्मी तक्रार तिथेच मिटते असा माझा अनुभव आहे. आमच्या शाळेतही मी हा फरक मुलांना प्रत्यक्ष ऐकवत असे.

मग झुमरा ताल. त्यांचा विलंबित ख्याल बहुतेक वेळा झुमऱ्यात असतो, चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार. लय इतकी संथ की एक आवर्तन संपायला पाऊण-एक मिनिट लागतं. तबलजीकडून ते साधा, भरीव ठेका मागत; त्यात लढत नाही, करामत नाही. पहिल्या काही आवर्तनांत तू गवयाकडे लक्षच देऊ नकोस. फक्त तबला ऐक, बोटांवर चौदा मोज. सम कुठे येते हे अंगात मुरलं की मग मुखड्याकडे, बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे, जा आणि तो समेकडे कसा वळतो ते पाहा. आपल्याला वाटतं आता आले, आणि ते आणखी एक स्वर थांबतात. ज्याला सम कुठे आहे हेच माहीत नाही त्याला हे थांबणं ऐकू येत नाही, त्याच्यासाठी सगळंच सारखं असतं.

त्यांना वेगाने गाता येत नव्हतं असं मनातही आणू नकोस. १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्ये द. वि. पलुस्करांबरोबरची त्यांची जुगलबंदी आहे, ती ऐक. तो कंठ असलेला माणूस मैफलीत इतका हळू का जातो, हा प्रश्न घेऊन बस. लहानपणी इंदुरात वडिलांनी, शाहमीर खाँनी, त्यांच्याकडून मेरुखंड, म्हणजे स्वरांच्या सगळ्या मांडण्या, घोटून घेतला होता. चार स्वर घेतले तर त्यांच्या २४ मांडण्या होतात, सात घेतले तर ५०४०. हा हिशोब मुखोद्गत असलेल्या माणसापुढे एकेका स्वरावर किती वाटा उघड्या असतील विचार कर. त्यातली एक ते निवडतात, बाकीच्या सोडून देतात. आपण ऐकतो ती त्यांची निवड.

तुमच्या केळीच्या बागेत तुझ्या वडिलांनी पाटाचं पाणी बंद करून ठिबक बसवलं तेव्हा तुझ्या आजोबांना ते पटेना, आठवतं? वावर वरून कोरडंच दिसायचं. पाणी मुळाशी जात होतं. खाँसाहेबांची आलापी मला तशी वाटते.

सुरुवात मारवा रागाने कर. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, अशी त्यांची जुनी एलपी आहे. ती आता सहज ऐकायला मिळते. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. तानपुऱ्यातही पंचमाऐवजी बहुधा निषाद लावतात. मुख्य म्हणजे या रागात षड्जावर विसावायचं नसतं. गवई घराभोवती फिरत राहतो आणि आत जायचं टाळतो. कोमल रिषभ आणि धैवत यांवरच त्याचा मुक्काम. तू पेटीवर हेच स्वर वाजवून पाहा आणि 'सा' लांबव. किती चुळबुळ होते बघ. मग ऐक की अमीर खाँ ती चुळबुळ किती वेळ, किती शांतपणे धरून ठेवतात आणि अखेर षड्ज देतात तेव्हा काय होतं. वेळही पाळ. हा दिवस मावळतानाचा राग आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य बुडाला तरी भिंती तापलेल्या असतात, माणूस ना घरात ना अंगणात. मे महिन्यातल्या भुसावळच्या संध्याकाळी मला मारवा जसा कळला तसा कुठल्याही पुस्तकातून कळला नाही.

कुमारजींबद्दल तुझं म्हणणं वेगळं आहे. इथे झोप येत नाही, चीड येते. 'सूर लावतात आणि सोडून देतात, पुरं काही करत नाहीत.' हे तू फार नेमकं ऐकलं आहेस. आवडलं नाही तरी नीट ऐकलंस, म्हणून इथलं काम सोपं आहे.

त्यांची गोष्ट तुला ठाऊक असेल. जन्म १९२४ चा, बेळगावजवळ सुळेभावीचा. लहान वयातच मैफली गाजवल्या, मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकले, आणि ऐन उमेदीत क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. पुढे गायला लागले ते अशा छोट्या, तुटलेल्या, मध्येच शांतता सोडणाऱ्या वाक्यांत. लोक म्हणतात फुफ्फुस गेलं म्हणून असं गायले. हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं आणि तुझ्यासारख्या ऐकणारीला ते घातकही आहे, कारण मग तू ते गाणं दयेने ऐकशील. तो सोडलेला स्वर अपुरा नसतो. पुढचा तुकडा आपल्या मनात वाजावा म्हणून तो सोडलेला असतो. एकदा एखादी जागा सुटली की तिथे रेकॉर्ड थांबव आणि तूच पुढे गुणगुणून पाहा. मग पुन्हा लाव. ते कुठे गेले आणि तू कुठे गेलीस, यातला फरक म्हणजे कुमार गंधर्व.

आणि तुला एक वाट आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांना नाही. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजींच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत होती. त्या धुनांमधून त्यांनी राग उभे केले: संजारी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी. त्यातल्या बंदिशी १९६५ साली 'अनुपरागविलास'मध्ये छापल्या गेल्या. आता तू आखाजीला, आपल्या अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलेली गाणी आठव, श्रावणात कानबाई देवीपुढे तुझी आजी म्हणते ती आठव. बहुतेक गाणी तीन-चार स्वरांच्या पलीकडे जात नाहीत. ओळ जिथे संपेल असं वाटतं तिथे संपत नाही, एखादा स्वर अर्ध्यावर टाकून बायका श्वास घेतात आणि दुसरी ओळ उचलतात. हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. आजीकडून दोन-चार गाणी मोबाइलवर भरून घे, पेटीवर त्यांचे स्वर काढ, मग कुमारांची माळव्याची लोकगीतं लाव, आणि त्यानंतर मालवती. तुटकपणा तुला फार ओळखीचा वाटेल.

माळवा आपल्याला लांबचा नाहीच मुळी. माझ्या घरापासून आग्रा रोड धरला की शिरपूर, सेंधवा, इंदूर आणि पुढे देवास. अमीर खाँ आणि कुमार, दोघांचीही गावं एकाच रस्त्यावर! (शिरपूरच्या अलीकडे-पलीकडे विचारलंस तर थाळनेरचा फाटाही कोणी दाखवेल. लताबाईंचं आजोळ ते.) खानदेशात अभिजात गाणं बाहेरून येतं असं आपण उगाच मानतो. सातपुडा ओलांडून वारं येतं तसे सूरही येत-जात असणार.

मन्सूरांबद्दल थोडक्यात. ते दम खाऊ देत नाहीत हे खरं आहे. मंजी खाँ आणि नंतर भूर्जी खाँ यांच्याकडून आलेली जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ती; मध्यलय, 'आ'काराने गाणं, आणि एका फिरकीतून दुसरी निघते. तिथे आलापाची वाट पाहत बसशील तर चुकशील. त्यांच्याकडे जोडराग, दोन राग एकत्र गुंफलेले, फार. म्हणून आधी बसंत नीट ओळखीचा कर, केदार ओळखीचा कर, आणि मग त्यांचा बसंती केदार ऐक. कुठल्या क्षणी या घरातून त्या घरात गेले ते पकडायचा प्रयत्न कर. सांधा सापडत नाही, आणि सापडत नाही हेच वेड लावतं. माझ्या मते गेल्या शतकात रागाशी इतकं निर्भयपणे खेळलेला दुसरा गवई नाही.

केसरबाईंना मात्र त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून तोलू नकोस. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या बाईंनी तेवढ्यात काय सांगायचं? तरी काय सांगितलं ते बघ. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पृथ्वीवरचं संगीत पाठवलं तेव्हा भारतीय संगीतातून त्यांची भैरवी गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. पण ती भैरवी अंतराळात गेली म्हणून ऐकू नकोस. आवाज किती मोकळा लावलाय, खालपासून वरपर्यंत कुठेही बारीक होत नाही, एवढंच ऐक. खरखर तुझा कान चार दिवसांत आपोआप बाजूला करील.

हे सगळं करूनही एखादा कलावंत लागणार नाही. ते चालेल. मला बालगंधर्व अजून पुरते उमगलेले नाहीत. त्यांच्या नावाने दर जानेवारीत जळगावला संगीत महोत्सव भरतो, मी तिथे मनापासून जाते, आणि त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड ऐकताना मात्र एका अंतरावर राहते. लय किती सहज सांभाळतात ते कळतं, शब्दाला किती गोंजारतात ते कळतं, तरी डोळ्यांत पाणी येत नाही. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिलं त्यांना येत असे. म्हणून मी वर्षातून मधूनमधून त्यांच्याकडे जाते, कुठलीही घाई न करता. तुलाही असा एखादा असू दे. त्याच्याबद्दल मत विचारलं तर काय कळलं आणि कुठे अडलं, दोन्ही सांग.

एका वेळी एकच गवई घे. महिनाभर खाँसाहेब, तेही दोन-तीनच रागांत. रोज नवं लावत गेलीस तर सगळ्यांची तोंडओळख होईल आणि ओळख कोणाशीच होणार नाही. त्यांच्याबद्दलचे किस्से आणि आठवणी तूर्त वाचू नकोस. आधी गाणं कानात बसू दे.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. मारवा पहिल्या फोल्डरमध्ये आहे, दरबारी मुद्दाम दिलेली नाही, ती मारव्यानंतर मागून घे. कुमारांच्या फोल्डरमध्ये लोकगीतं आधी ठेवली आहेत, तोच क्रम ठेव. जानेवारीत महोत्सवाला येणार आहे. जागांचं तू बघ, शक्यतो पुढच्या रांगेतल्या, म्हणजे तानपुरे जुळवताना ऐकता येतील. मारव्यात सम कितव्या आवर्तनाला सुटली ते कळव. आजीला नमस्कार सांग, आणि तिची गाणी भरलीस की मलाही पाठव.

तुझी,
बाई