सोलरच्या शिलकीप्रमाणे करंट बदलणारा ७ किलोवॉटचा ईव्ही चार्जर घरी बनवता येईल का?

येईल. मात्र भिंतीवर लावायच्या त्या डब्यात चार्जर नसतोच. एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. डबा म्हणजे गाडीशी बोलून मगच चालू होणारा स्विच, त्याला ईव्हीएसई म्हणतात. म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. आतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर डबा केवढाही बांधा, गाडी तेवढंच घेणार.

हे बोलणं कंट्रोल पायलट नावाच्या एका तारेवर चालतं. डबा १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून +१२ व्होल्ट देतो. प्लग लावला की गाडीतला डायोड आणि २.७४ किलोओहमचा रेझिस्टर मिळून ते ९ वर ओढतात. मग डबा ±१२ व्होल्टचा, १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल सुरू करतो. गाडी तयार झाली की १.३ किलोओहम समांतर जोडते आणि वरची पातळी ६ वर येते. कॉन्टॅक्टर (गाडीकडे मेन्स सोडणारा मोठा रिले) तेव्हाच ओढायचा, आधी नाही. किती अँपिअर घ्यायचे हे गाडीला सिग्नलच्या ड्यूटीवरून, म्हणजे तो किती टक्के वेळ वर असतो त्यावरून, कळतं: १० ते ८५ टक्क्यांमध्ये टक्के गुणिले ०.६. म्हणजे १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, २६.७ म्हणजे १६, ५३.३ म्हणजे ३२. ही वरची मर्यादा आहे, गाडी कमीही घेऊ शकते.

स्वतः सर्किट करणारे बहुतेक इथेच अडकतात. हा सिग्नल द्यायला साधा ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) ±१२ च्या सप्लायवर लावला तर आउटपुट साडेदहाच्या आसपासच थांबतं, आणि ९ च्या जागी जेमतेम ८ दिसतात. रेल-टू-रेल आउटपुटचा, म्हणजे सप्लायच्या टोकापर्यंत जाणारा घ्या, आणि प्लग न लावता पातळी ११.४ ते १२.६ मध्ये आहे ना ते मोजा. एलएम३५८ हा स्वस्त ऑप-अँप नको: त्याला एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायला ८० मायक्रोसेकंद लागतात, मग सिग्नल चौकोनी राहतच नाही. मल्टिमीटरवरही विसंबू नका, तो सरासरी दाखवतो. गाडी जोडलेली आणि ड्यूटी ५० टक्के असेल तर चक्क उणे दीड व्होल्ट दिसतील. एडीसीचं (मायक्रोकंट्रोलरमधल्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचं) वाचन सिग्नल वर असतानाच घ्या, आणि खाली असतानाही एकदा घ्या. डायोडमुळे खालची बाजू पूर्ण −१२ लाच राहिली पाहिजे. तीही ढासळत असेल तर समोर गाडी नाही, प्लगमध्ये पाणी किंवा भलतंच काही आहे. कॉन्टॅक्टर ओढू नका.

सिग्नलचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: ओपनईव्हीएसईसारखा मुक्त-स्रोत कंट्रोलर बोर्ड आणा आणि बाकीचं स्वतः बांधा. गळतीची स्वयंचाचणी, चिकटलेला कॉन्टॅक्टर ओळखणं, या कंटाळवाण्या पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी त्यात आधीच आहेत.

आता पॉवरची बाजू. ३२ अँपिअर तासन् तास वाहणार, म्हणून सी कर्व्हचा ४० अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी (जादा करंटला तुटणारा स्विच) आणि या सर्किटपुरताच वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की तुटणारा स्विच). त्यातला फक्त एसी गळती ओळखणारा टाइप एसी चालत नाही. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते. ती आरसीसीबीचा कोअर संपृक्त करते, आणि मग तो खऱ्या शॉकच्या वेळीही ट्रिप होत नाही. डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी लावा, किंवा टाइप ए सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा सेन्सर. त्या सेन्सरच्या रिंगमधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात, अर्थ बाहेरून. अर्थ कॉन्टॅक्टरमधूनही नेऊ नका, ती सलग गाडीपर्यंत हवी.

कॉन्टॅक्टर दोन पोलचा. रेटिंग एसी-१ किंवा एसी-७ए (हीटरसारख्या साध्या लोडचं) वाचा. बंद डब्यात ४० पेक्षा ६३ अँपिअरचा निवांत राहतो. कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) नसेल तर तो सुटताना मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, आणि लोक आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसतात.

वायर तांब्याची, ६ चौरस मिमी. २० मीटर अंतराला जाऊन-येऊन ४० मीटर होतात, म्हणजे सुमारे ०.१२ ओहम, ३२ अँपिअरला ४ व्होल्ट पडतात. चालेल. अंतर वाढलं किंवा वायर भिंतीतल्या उष्णतारोधक थरात दाबून गेली तर १० चौरस मिमी घ्या. खरं जळतं ते स्क्रूपाशी. सैल टर्मिनलचा रोध फक्त १० मिलिओहम असला तरी तिथे १० वॉट उष्णता एका टाचणीएवढ्या जागी साठते. मल्टिस्ट्रँड वायरला फेरूल (टोकावर दाबायची धातूची नळी) लावा, टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा, आठवड्याभराने सप्लाय बंद करून पुन्हा आवळा. टर्मिनलजवळ तापमानाचा सेन्सर ठेवा: ६० अंशांना करंट निम्मा, ७५ ला बंद.

केबल डब्याला कायमची जोडलेली असेल तर तिची मर्यादा फर्मवेअरमध्ये पक्की कोरा. सुटी केबल लावायचं टाइप २ सॉकेट असेल तर केबलमधला रेझिस्टर वाचावा लागतो: ६८० ओहम म्हणजे २० अँपिअर, २२० म्हणजे ३२. वाय-फायवरून काहीही आदेश आला तरी या आकड्याच्या वर जायचं नाही.

सोलरचं गणित ६ अँपिअरपाशी अडतं. त्याखाली जाताच येत नाही, म्हणजे २३० व्होल्टला किमान १.३८ किलोवॉट शिल्लक हवी. मीटरपाशी सीटी (तारेभोवतीचा करंट सेन्सर) लावा, पण वीज येतेय की जातेय हे फक्त करंटवरून कळत नाही, सोबत व्होल्टेजही मोजावं लागतं. ड्यूटी बदलल्यावर जुळवून घ्यायला गाडीला ५ सेकंदांपर्यंत वेळ असतो, म्हणून दर १० सेकंदांनी एकच बदल करा. १.६ किलोवॉट शिल्लक ५ मिनिटं टिकली तर सुरू, कमी पडली तर १० मिनिटं वाट पाहून बंद. नाहीतर प्रत्येक ढगाला कॉन्टॅक्टर टकटकत राहील. थांबवताना आधी चौकोनी सिग्नल बंद करून सरळ +१२ द्या, गाडी करंट शून्यावर आणेपर्यंत थांबा, मग कॉन्टॅक्टर सोडा. भर लोडमध्ये सोडलात तर त्याची टोकं जळतात आणि कधीतरी चिकटतात.

चाचणीला गाडी नको. १एन४१४८ डायोड, २.७४ किलोओहम, आणि स्विचमागे १.३ किलोओहम: झाली खोटी गाडी. मेन्सशिवाय सगळ्या अवस्था फिरवून बघा. नंतर हीटर जोडून मेन्सवर. स्विच उघडताच कॉन्टॅक्टर १०० मिलिसेकंदांत सुटला पाहिजे. मेन्सची जोडणी आणि अर्थिंगची मोजणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर काही गाड्या चार्जच घेत नाहीत आणि दोष तुमच्या सर्किटवर येतो. खरी गाडी पहिल्यांदा ६ अँपिअरवर लावा, मग १६ आणि ३२ वर प्रत्येकी तासभर, आणि दर वेळी टर्मिनलचं तापमान लिहून ठेवा.