बोटीच्या स्टिअरिंगआधी ती पॉलिसी परत करा

बेळगावच्या वडगावातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ३१ वर्षं काढून ते निवृत्त झाले, गेल्या महिन्यात साठी पूर्ण झाली. दोन वर्षांपूर्वी साडूबरोबर निम्म्या भागीत त्यांनी मालवणजवळ देवबागला एक जुनी बोट घेतली. इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं. साडू तिथे राहून पर्यटकांना कर्ली नदीत, संगमाकडे फिरवून आणतात. आता स्टिअरिंग जड झालंय, गियरचा लिव्हर जोर लावल्याशिवाय पडत नाही. मेकॅनिकने हायड्रॉलिक स्टिअरिंगचे १ लाख ६० हजार आणि गियरच्या नव्या कंट्रोलचे ३५ हजार सांगितले. साडूंकडे आत्ता पैसे नाहीत. वाचक विचारतात : "बायकोच्या पाटल्या ठेवून दोन लाख उचलू, की बँकेतल्या स्कीमवर कर्ज मिळेल? तिथे तीन लाख ठेवलेत, हमीचे ४६ लाख मिळणार हाईत, पैसे सेफ हाईत."

पत्र दोनदा वाचलं आणि तिथेच थांबलो. मग तुमच्याकडून फोनवर कागदांचे फोटो मागवले. हे उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं आहे. इथे देतोय ते अशासाठी, की तुमच्यासारखंच कुणीतरी या आठवड्यातही बँकेच्या काउंटरवर सही करत असेल.

तुम्ही तीन लाख ठेवलेले नाहीत. ती स्कीम म्हणजे विमा पॉलिसी आहे आणि तुम्ही तिचा तीन लाखांचा पहिला हप्ता भरला आहे. कागदावर स्वच्छ लिहिलंय : हप्ता वार्षिक, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं. म्हणजे एकूण ३० लाख भरायचे. तुमचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आले २८ लाख. आयुष्यभराची सगळी पुंजी ओतली तरी हे हप्ते पुरे होत नाहीत, आणि शेवटची रक्कम हातात येईल तेव्हा तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे असाल. तोपर्यंत घर कशावर चालणार? पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये आहे.

तीन लाखांचे पंधरा वर्षांत ४६ लाख व्हायला वर्षाला २० टक्के परतावा लागेल. असा परतावा हमीने कुणीही देत नाही, आणि या पॉलिसीतही तो कुठे लिहिलेला नाही. लिहिलंय ते ३० लाख भरल्यावर ४६ लाख. पैसे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने जातात हे धरलं तर परतावा वर्षाला चार टक्क्यांच्या जरा वर बसतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज तुम्हाला ८.२ टक्के मिळतात. दुप्पट, आणि व्याज दर तिमाहीला हातात.

मला राग येतो तो इथे. फॉर्म इंग्रजीत होता, बँकेतला माणूस हिंदीत बोलला आणि तुम्ही विश्वासाने मान डोलावली. निवृत्त माणसाच्या खात्यात एकरकमी फंड जमा झालेला त्यांना दिसतो आणि त्याच आठवड्यात फोन येतो. तुमच्या फॉर्मवर वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय. ते तुम्ही सांगितलेलं नाही, तुम्हाला नोकरीच नाही. विमा कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं बजावून ठेवलं होतं, हेही तुमच्याच पत्रात आहे. "पुढचे हप्ते जमेल तसे भरा" हे तर सरळ खोटं. दुसरा हप्ता चुकला की सवलतीच्या दिवसांनंतर पॉलिसी बंद पडते, आणि एकच हप्ता भरून थांबलात तर हाती येणारी रक्कम भरलेल्यापेक्षा फार कमी असते. कर्जही त्या थोडक्या रकमेच्या हिशेबानेच मिळतं. त्यामुळे "स्कीमवर कर्ज" हा तुमचा दुसरा पर्याय आज अस्तित्वातच नाही.

पण वेळ हातात आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात आणि २०२४ च्या नियमांनुसार ही मुदत ३० दिवसांची आहे. तुम्हाला पाकीट मिळून १८ दिवस झाले. मात्र मुलाच्या ईमेलवर पॉलिसी त्याआधी आली असेल तर दिवस तिथून मोजले जातील, म्हणून आज रात्रीच त्याला पुण्याला फोन करून तारीख बघायला सांगा. परत करताना तेवढ्या दिवसांच्या विम्याचा भाग, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापतात. बाकीचे पैसे परत येतात.

उद्या सकाळी अर्ज घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा, बँकेत नको. बँकेतला माणूस "बघतो", "साहेब रजेवर आहेत" म्हणत बारा दिवस सहज घालवील. अर्जात लिहा, की एकरकमी ठेव सांगून मला वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली, उत्पन्न चुकीचं लिहिलं, मी फ्री लूकमध्ये ती रद्द करत आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन हप्त्याचं ऑटो डेबिट बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी खात्यातून तीन लाख आपोआप जातील. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, आणि नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही आलं तर विमा लोकपालाकडे जा. कर्नाटकासाठीचं त्यांचं कार्यालय बेंगळुरूत आहे. फी नाही, वकील लागत नाही.

पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की उरलेले पैसे ओळखीच्या सौहार्दमध्ये, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, दहा टक्क्यांनी टाकायचा विचार आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली सौहार्द आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच चांगल्या चालतातही. पण ज्या संस्थेला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नाही, तिथल्या ठेवीला पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नाही. चेअरमन शेजारी राहतात ही त्याची भरपाई होत नाही. २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका : वर्षाला १ लाख ६४ हजार, दर तिमाहीला ४१ हजार, म्हणजे महिन्याला साधारण १३,७००. पेन्शन धरून सतरा हजारांच्या आसपास. वडगावात स्वतःच्या घरात दोघांचं भागेल. तीन लाख बायकोच्या आणि तुमच्या संयुक्त नावावर एफडीत ठेवा. उरलेल्यातून आधी दोघांचा आरोग्य विमा, मग बाकीचं.

आता बोट.

माझं आजोळ देवबागचं. मामाच्या अंगणात अशी इंजिनं उघडलेली पाहत मोठा झालो, म्हणून ठामपणे सांगतो : नेमकं काय जाम झालंय हे बघितल्याशिवाय दोन लाख घालू नका. तुमचं स्टिअरिंग केबलचं आहे. केबलच्या टोकाचा दांडा इंजिनाच्या पुढच्या नळीतून जातो आणि तिथून एक जोडपट्टी इंजिन वळवते. खाऱ्या पाण्याने त्या नळीतलं ग्रीस दगडासारखं होतं. साडूंना सांगा, ती जोडपट्टी इंजिनापासून सोडवा आणि चाक फिरवा. चाक हलकं फिरलं तर दोष केबलमध्ये नाही, इंजिन ज्या पिनवर वळतं तिथे आहे. मग इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघा. जड लागलं तर तिथल्या निपलमधून ग्रीसगनने बोटीचं ग्रीस भरा, इंजिन हलवत हलवत, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. यावर खर्च शे-दोनशे रुपयांचा. इथेच दोष असेल आणि तुम्ही १ लाख ६० हजारांचं हायड्रॉलिक बसवलंत, तरी जाम झालेली पिन जामच राहणार.

जोडपट्टी सोडवूनही चाक जड असेल तर केबल किंवा चाकामागची पेटी गेली. आधी दांडा पूर्ण आत ओढून घ्या, मग नळी साफ करून ग्रीस लावा. दांडा बाहेर असताना ग्रीस भरलं तर ते आत कोंडून स्टिअरिंग आणखी अडतं. तरी जडच राहिलं तर केबल आतून गंजलीय. तेल सोडून ती काही दिवस चालेल, पण भरवशाची राहणार नाही. बदलाच. मालवणच्या दुसऱ्या मेकॅनिकने चाकाच्या पेटीसकट नव्या केबलचे २२ हजार सांगितल्याचं तुम्हीच लिहिलंय. साठ हॉर्सपॉवरला तेवढं पुरतं.

गियरचंही तसंच. इंजिन बंद, चावी काढलेली. गियरची केबल इंजिनाकडून सोडवा आणि लिव्हर हलवा. लिव्हर जडच राहिला तर केबल किंवा कंट्रोलची पेटी. हलका झाला तर इंजिनाकडचा गियर हाताने टाकून बघा, तेव्हा दुसऱ्याने पंखा हळू फिरवत राहायला हवं, नाहीतर दात बसत नाहीत आणि उगाच दोष वाटतो. केबल कुठे फार वाकवून नेली आहे का तेही बघा. बदलायची झाली तर रेसची केबलही तेवढ्याच वयाची आहे, दोन्ही बरोबर बदला. गियर जोर लावून टाकणं आजपासून बंद. तो अर्धवट बसतो, दात झिजतात, आणि मग गियरबॉक्सच उघडावा लागतो.

हे होईपर्यंत बोटीत एकही पर्यटक चढता कामा नये. वळत नसलेल्या बोटीत लोक बसवणं हा पैशांचा प्रश्नच नाही. मेरीटाईम बोर्डाची नोंदणी आणि प्रवाशांचा विमा चालू आहे का, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. तो कागद साडूंकडून मागवा.

हिशेब छोटा आहे. गेल्या हंगामात तुमच्या वाट्याला ५८ हजार आले. एकट्याने १ लाख ९५ हजार घातलेत तर फक्त मुद्दल सुटायला साडेतीन हंगाम, पाटल्यांवरचं व्याज वेगळं. १२ टक्के धरले तर महिन्याला दोन हजार, आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असतानाही ते भरायचेच. साडू म्हणतात तसे महिन्याला चाळीस हजार पुढच्या वर्षी येतील, याला दोन हंगामांच्या वहीत आधार नाही. स्टिअरिंग आणि गियरचं काम केबलपर्यंत गेलं तरी चाळीस हजारांत बसावं. भागी निम्मी, तर खर्चही निम्मा. साडूंकडे आत्ता नसतील तर तुम्ही भरा, वहीत लिहा आणि पुढच्या हंगामाच्या त्यांच्या वाट्यातून आधी वळते करा. एवढ्यासाठी पाटल्या कपाटाबाहेर काढायची गरज नाही.

जोडपट्टी सोडवल्यावर चाक कसं फिरलं ते कळवा. त्याआधी मात्र पोचेचा फोटो पाठवा, तारीख दिसेल असा.