कंडेन्सरच्या ट्यूबवरचं औषध पारखायचं कसं?

प्रश्न : मी वीजकेंद्रात ऑपरेशनला आहे. कंडेन्सरच्या (टर्बाइनमधली वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्राच्या) टायटॅनियम ट्यूबमध्ये चिकट थर धरतो, म्हणून एका पुरवठादाराने नवं रसायन सुचवलं. त्यांच्या प्रयोगशाळेच्या अहवालात जवळजवळ सगळे जिवाणू मेलेले दाखवले आहेत. उन्हाळा सरताना आम्ही डोसिंग, म्हणजे ते पाण्यात सोडणं, सुरू केलं आणि थंडीपर्यंत कंडेन्सरमधला व्हॅक्यूम (निर्वातपणा) छान सुधारला. आता कायमची ऑर्डर द्यावी का?

उत्तर : इतक्यात देऊ नका. व्हॅक्यूम सुधारला हे खरं, पण श्रेय कोणाचं? थंडीत कूलिंग वॉटर गार झालं की व्हॅक्यूम आपसूक सुधारतो. लोड (वीजनिर्मितीचा भार) उतरला किंवा हवेची एखादी गळती बंद झाली, तरी तेच दिसतं. अशा चालू वीजनिर्मिती संचावरची नुसती आधीची-नंतरची तुलना मी पुरावा म्हणून धरत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालाचंही तसंच. तिथले जिवाणू पाण्यात मोकळे तरंगत असतात. ट्यूबमधले भिंतीला चिकटून, स्वतःच्याच बुळबुळीत स्रावात दडलेले असतात. वरचे मेले तरी खालचे तगतात. शिवाय मेलेला थर जागेवरच राहिला, तर तोही उष्णता अडवतोच. या थरात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे त्याची उष्णतावाहकता पाण्याइतकीच, म्हणजे ०.६ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास. टायटॅनियमची साधारण २१. आता हिशेब करा : ०.७ मिलिमीटर जाडीची भिंत उष्णतेला जेवढा विरोध करते, तेवढाच विरोध ०.०२ मिलिमीटरचा थर करतो. एवढासा थर डोळ्यांना धड दिसतही नाही, बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतो एवढंच.

म्हणून चाचणी तुमच्याच पाण्यावर, पण संचाबाहेर घ्या. रसायन मिसळण्याच्या जागेच्या अलीकडून एक वेगळी लाइन काढा आणि कंडेन्सरमध्ये आहेत त्याच धातूच्या, त्याच व्यासाच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी बसवा. दोन्हींना बाहेरून सारखीच उष्णता द्या. एकीत औषध सोडा, दुसरी कोरी ठेवा, आणि दोन्हींत उष्णतेला होणारा विरोध कसा वाढतो ते मोजत राहा. कोऱ्या ट्यूबशिवाय या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

पाण्याचा वेग कंडेन्सरमधलाच हवा, साधारण सेकंदाला २ मीटर, आणि तो अजिबात हलू देऊ नका. वेग १० टक्के घसरला की ट्यूबच्या आतल्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक (भिंतीतून पाण्यात उष्णता किती सहज जाते त्याचं माप) ८ टक्क्यांच्या आसपास घसरतो, आणि तुम्ही तो थराच्या खात्यावर मांडून मोकळे होता. संथ पाण्यात तर थरही वेगळाच धरतो, जाड आणि भुसभुशीत. असा थर तर कुठल्याही औषधाने सहज उपटून निघेल.

पाणी कोमट असतानाचे महिने चाचणीत आलेच पाहिजेत, कारण थर तेव्हाच झपाट्याने वाढतो. मधेच औषधाची ट्यूब कोरी करा आणि कोरीला औषध द्या. फरक औषधाचा की बसवणीचा, ते उघड होईल. मग डोसिंग पूर्ण थांबवा आणि थर किती दिवसांत परततो ते मोजा. मला सगळ्यात जास्त भरवसा याच आकड्याचा वाटतो, आणि पुरवठादारांच्या अहवालात तो क्वचितच असतो.

शेवटी ट्यूब कापून थर खरवडा, वाळवून वजन करा आणि भट्टीत जाळा. जळून गेला तो मुख्यतः सेंद्रिय भाग, उरली ती राख. राखच जास्त निघाली तर तुमचं दुखणं गाळाचं किंवा क्षारांचं आहे. जिवाणू मारून ते हटणार नाही, त्याला ब्रश, स्पंज बॉल किंवा ॲसिड लागेल. बाहेर जाणाऱ्या पाण्यात रसायन किती उरतं, तेही सुरुवातीपासून नोंदवा.

तोवर चाचणीपुरताच माल मागवा, आणि पुरवठादार आला की त्याच्यासमोर कोऱ्या ट्यूबचा आलेखही ठेवा.