वाचकांचे प्रश्न : परसातील कोईचे तळे आणि त्याची गाळणयंत्रणा

प्रश्न : आमच्या घरामागे दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. तेथे कोई माशांसाठी तळे बांधायचे आहे. गवंड्याच्या मते अडीच फूट खोली पुरेशी आहे, आणि दुकानदाराने तळ्यातच बुडवून ठेवायचा पंप व त्याला जोडलेला छोटा फिल्टर सुचवला आहे. पंधरा मासे सोडण्याचा विचार आहे. महापालिकेचे पाणी येते, शिवाय बोअरही आहे. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खोदकामाला हात घालण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार चांगले झाले, कारण कोईच्या तळ्यात जे नंतर बदलता येत नाही ते बहुतेक सगळे जमिनीखाली गाडलेले असते.

प्रथम खोली. जपानमधील निगाता भागातील डोंगरी गावांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशापासून निवड करत करत कोई तयार केला, आणि आपल्या धरणांवरचे मासेमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचाच हा रंगीत भाऊबंद आहे. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा चांगल्या पाण्यात दोन फुटांपर्यंत वाढतो. आपल्या जागेत अडीच फूट खोलीचे तळे घेतले तर त्यात साधारण ५,६०० लिटर पाणी मावेल आणि चार फूट घेतले तर सुमारे ९,०००. उथळ पाणी नाशिकच्या उन्हाळ्यात झपाट्याने तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून चार फुटांच्या खाली येऊ नये आणि दुपारच्या उन्हासाठी वर शेडनेटची सोय करावी. तेच जाळे खंड्या, बगळे आणि मांजरे यांनाही अडवते.

आता गाळणीकडे येतो, कारण माझ्या मते तळ्याचे यशापयश येथेच ठरते. पंप तळ्यात बुडवला की तो माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य आधी दळतो आणि मग फिल्टरकडे पाठवतो. एकदा घाण अशी बारीक झाली की स्पंजमध्ये ती धड अडकत नाही आणि पाणी कायम गढुळलेले राहते. याऐवजी तळाला चारही बाजूंनी मध्याकडे उतार द्यावा, सर्वांत खोल जागी निचऱ्याचे तोंड बसवावे आणि तेथून चार इंची पीव्हीसी पाइप, शक्य तितक्या कमी वळणांनी, काँक्रीट ओतण्यापूर्वीच शेजारच्या फिल्टरच्या हौदापर्यंत न्यावा. हौदाच्या भिंती तळ्याच्या भिंतींइतक्याच उंच ठेवाव्यात. पंप बंद असताना दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येते. पंप शेवटच्या कप्प्यातून पाणी उचलू लागला की तेथील पातळी उतरते आणि तळातली घाण, न दळता, आपोआप पाइपातून हौदाकडे येते.

हौदाचे किमान तीन कप्पे करावेत. पहिल्यात पाणी संथ होऊन जड गाळ खाली बसतो. त्याच्या बुडाशी व्हॉल्व्ह हवा. तो उघडल्यावर पहिले काही क्षण काळपट, दाट पाणी येते आणि मग ते निवळत जाते, आणि निवळले की व्हॉल्व्ह बंद करावा. हे पाणी झाडांना उत्तम. दुसऱ्या कप्प्यात उभे ब्रश किंवा जाड मॅट लावून तरंगती घाण अडवावी. तिसऱ्यात जिवाणूंना चिकटून राहण्यासाठी भरपूर पृष्ठभाग असलेले प्लास्टिकचे बायोमीडिया घालावे आणि खालून एअर पंपाने हवा सोडावी. तिन्ही कप्पे मिळून तळ्याच्या पाण्याच्या दहा टक्के तरी, म्हणजे आपल्याकडे ९०० लिटरच्या वर असावेत, आणि डासांसाठी त्यांवर झाकण हवेच.

सगळे पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून जावे, म्हणजे तासाला किमान ४,५०० लिटर. मात्र पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणारा असतो, त्यामुळे आपल्याला जेवढ्या उंचीवर पाणी चढवायचे आहे तेथे किती प्रवाह मिळेल हे विचारून घ्यावे. पंप रात्रंदिवस चालतो. तो ६० वॅटचा असेल तर महिन्याला सुमारे ४३ युनिटे लागतील. त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवण्यात काटकसर करू नये, आणि वीज गेल्यावर निदान एअर पंप तरी इन्व्हर्टरवर चालेल असे पाहावे.

सिमेंटचे नवे तळे लगेच वापरता येत नाही, कारण त्यातून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, फार वर जातो. तीन-चार आठवडे क्युरिंग झाल्यावर तळे अनेकदा भरून रिकामे करावे. केळीचे खुंट टाकून ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. त्याला माझी हरकत नाही, पण निर्णय टेस्ट किटवर घ्यावा. भरलेल्या पाण्याचा पीएच काही दिवस साडेआठच्या खाली स्थिर राहिला, तरच पुढे जावे.

यानंतरच्या टप्प्यावर घाई हमखास नडते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक, तिसरे त्यामानाने सौम्य. हे जिवाणू मीडियावर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता जिवाणूंना खाद्य पुरवायचे झाले तर शुद्ध नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, वापरावा. ९,००० लिटरमध्ये सुमारे ५५ ते ६० ग्रॅम घातल्यास अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अमोनिया उतरला, मग नायट्राइट चढले आणि तेही शून्यावर आले, आणि पुन्हा तेवढाच नवसागर घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य दिसू लागले, की फिल्टर तयार झाला असे समजावे. पाण्याचा एक मोठा भाग बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि मगच मासे आणावेत.

पाणी दोन्हीकडचे मिसळावे असे मी सुचवेन. धरणाचे पाणी बहुधा मऊ असते, आणि फिल्टरमधले जिवाणू पाण्यातील अल्कता, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षार, सतत खर्च करतात, त्यामुळे नुसत्या मऊ पाण्यात पीएच एकाएकी कोसळू शकतो. बोअरच्या जड पाण्याने ती उणीव भरून निघते. मात्र बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले आणि फिल्टरचे जिवाणू दोन्ही जाळते; ते सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे दुकानातल्या अँटी-क्लोरीनने, आधी मारावे.

राहता राहिले मासे. एका मोठ्या कोईला हजार लिटर या हिशेबाने आपल्या तळ्यात आठ-नऊ मावतील, पण आरंभ चार-पाचांनी करावा. पंधरांचा विचार कृपया सोडून द्यावा. नवा प्रत्येक मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, कारण कोई हर्पीस विषाणूवर औषध नाही आणि एका माशाकडून तो अख्ख्या तळ्याला होऊ शकतो.

प्रश्न : तळे भरून दोन महिने झाले. मासे ठीक आहेत, पण पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे झाले आहे. सगळे पाणी काढून तळे घासावे का, की यूव्ही दिवा लावावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळे पाणी मुळीच काढू नये. हा रंग पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा आहे आणि नव्या तळ्यात तो नेहमी दिसतो. ताजे पाणी भरल्यावर तो आठवड्याभरात परत येईल, आणि घासण्यात व धुण्यात तयार होत आलेले जिवाणू मात्र जातील. फिल्टरच्या मॅटही नळाखाली धुऊ नयेत. तळ्याचेच पाणी बादलीत घेऊन त्यात हलके खळबळाव्यात आणि मीडियावरचा तपकिरी बुळबुळीत थर राहू द्यावा, कारण जिवाणू त्यातच असतात. रात्री हे शेवाळ प्राणवायू वापरते, तेव्हा पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर हवा वाढवावी. यूव्ही दिवा जरूर लावावा. त्याने शेवाळ मरून त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या फिल्टरमध्ये अडकतात, पण अमोनियावर त्याचा काहीच परिणाम नसतो, म्हणून चाचण्या चालूच ठेवाव्यात. दिव्याची नळी साधारण वर्षाने बदलावी. ती निळसर उजळताना दिसते तरी तिची उपयोगी किरणे तोवर बरीच क्षीण झालेली असतात.