छोटं पेट्रोल इंजिन किती टिकतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, माझी गाडी एक लिटरची, तीन सिलेंडर, ८५ हजार किलोमीटर झालेत. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात छोटं इंजिन लाखाला काम काढतं, त्याआधी विकून मोकळा हो. सिग्नलला उभी असली की थरथरते पण. विकू का?

उत्तर : थरथर आणि इंजिनचं आयुष्य, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत चार सिलेंडरवाल्याचे चार स्फोट होतात, तुमच्याचे तीनच, शिवाय इंजिनची दोन टोकं आलटूनपालटून वरखाली व्हायला बघतात, त्यामुळे ही थरथर थोडीफार नव्या गाडीतही असतेच. पण आधी नव्हती आणि आता आरशातलंही नीट दिसेना झालंय असं असेल तर इंजिन माउंटिंगचे रबर बघून घ्या, ते बसलेले असतात, आणि ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला करंट देणारी कॉइलही चेक करा, एक सिलेंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात मधूनमधून स्फोटच होत नसेल, तरी असंच हलतं.

आता लाखाचं. छोटं आहे म्हणून इंजिन जात नाही, ऑइल कमी पडून जातं. यात ऑइल मावतंच मुळात साधारण तीन-साडेतीन लिटर, त्यातलं लिटरभर खाल्लं तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि डॅशबोर्डवर काही दिसत नाही, कारण तो लाल दिवा लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाहीये, तेव्हा 'हळूहळू गराजपर्यंत नेतो' हा हिशोब करू नका, आहे तिथे बाजूला घेऊन बंद करा. लोक सर्व्हिसला हजारो घालतात पण महिन्यातून एकदा डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) काढून बघायला कंटाळतात, हे मला अजून कळलेलं नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कांडी पुसून परत आत घाला आणि मग बघा. लेव्हल कुठे होती ते किलोमीटरसकट लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांत कळेल खाते की नाही.

खात असेल तर धुराकडे बघा. सकाळी स्टार्ट करताना किंवा लांब उतार उतरून परत रेस दिल्यावर निळसर भपका येऊन थांबतो, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल खाली उतरू न देणारे रबर) गेलेत, ते काम त्यामानाने छोटं. जोर लावला की सारखाच निळा येतो, तर पिस्टनच्या रिंगचा संशय. मग अंदाजावर इंजिन उतरवू नका, कंप्रेशन टेस्ट करायला सांगा, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं. तिन्ही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा कमी आला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं, आकडा वर आला तर रिंग गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) पॅकिंग. आकडे चांगले आले तर विकायचं कारण काय, ऑफिसमधल्यांना सांगा अजून बरीच चालेल.

प्रश्न : माझी गाडी फक्त भाजी आणि मुलांच्या क्लासपुरती, वर्षाला तीन हजार किमी पण होत नाहीत. सर्व्हिसवाला तरी दरवर्षी ऑइल बदलायला सांगतो. फसवतोय का?

उत्तर : नाही, या बाबतीत तो बरोबर बोलतोय. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, पण थंड इंजिनमध्ये थोडी रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. इंजिन नीट तापलं की हे उडून जातं, तुमचं तापायच्या आत बंद होतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, साईसारखा पिवळट थर दिसेल कदाचित. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत नसेल तर घाबरू नका, अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्याला फिरवून आणा. तो थर आहे आणि कूलंटही कमी होतंय, तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : घाटात टेम्परेचरची सुई वर गेली. पाणी टाकून घरी आणली, आता ठीक आहे. कूलंटऐवजी साधं पाणी चालेल का?

उत्तर : अडचणीत टाकलंत ते ठीकच, पण आता काढा. नुसत्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरतात, हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते आतून खात जातं. शिवाय पाणी आधी उकळतं. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळतं ते, कंपनीने सांगितलंय त्याच जातीचं. 'आता ठीक आहे' याच्यावर मात्र माझा विश्वास नाही, पाणी गेलं कुठे ते शोधा. होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅन लागतो का, हे सगळं बघायला सांगा. नुसता वरून भरत राहिलात तर एक दिवस हेड वाकेल आणि पॅकिंग उडेल, छोटी इंजिनं बाद होण्याचं हे दुसरं मोठं कारण. पुढच्या वेळी सुई चढायला लागली की एसी बंद, हीटर फुल्ल (उकडेल, सहन करा), तरी खाली येत नसेल तर थांबा. आणि गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी प्रेशरमुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नसतं, झाकण सैल झालं की थेट तोंडावर येतं.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा कधी नुसता लागतो, कधी लुकलुकतो. फरक आहे का?

उत्तर : आहे. नुसता लागला तर एक-दोन दिवसांत स्कॅन करा. लुकलुकतोय आणि गाडी धक्के देतेय म्हणजे मिसफायर, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो जळतो, आणि तो महाग असतो, म्हणून रेस कमी करा आणि शक्यतो थांबवाच. स्कॅनरने सिलेंडर नंबर दिला की लगेच नवीन कॉइल घेऊ नका, त्या सिलेंडरची कॉइल शेजारच्याला लावून बघायला सांगा. नंबर सोबत सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग, मग इंजेक्टर.