पेरणीचा नियम आणि पोरीचा विषय

प्रश्न : मुलगी यवतमाळला बीएस्सी कम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोलॉग (कम्प्युटरला नियम सांगायची भाषा) आणि ‘मागे घेता येणारा तर्क’ याच विषयात पुढे शिकायचं म्हणते. घरी पाच एकर कोरडवाहू. यात नोकरी लागते का? – एक पालक, ता. घाटंजी

भाऊ, हा तर्क तुम्ही दर जूनमध्ये करता. मृग बरसला की पेरायचं, हा नियम. पण ७५ ते १०० मिलिमीटर झाला नसेल तर थांबायचं, नाहीतर दुबार पेरणी. नियम मोडला नाही. नवी माहिती आली म्हणून निष्कर्ष मागे घेतला. शाळेच्या गणितात असं चालत नाही, तिथं एकदा सिद्ध झालं ते कायमचं. कम्प्युटरला हे मागे घेणं शिकवायचं आणि कोणता नियम कोणावर भारी ते ठरवायचं, हा तिचा विषय. संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९८० मध्ये अशा तर्काचं एक शास्त्र मांडलं.

याचा उपयोग? पीएम-किसान घ्या. जमीनधारक शेतकरी कुटुंबाला पैसे मिळतात. घरात महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारा निवृत्त असेल तर नाही. पण तो चतुर्थ श्रेणीतून निवृत्त असेल तर पुन्हा हो. अपवादाला अपवाद! यादीतून नाव कटलं तर माणूस तहसीलच्या चकरा मारतो आणि कारण कळत नाही. अशा तर्कावर चालणारा प्रोग्राम नेमक्या कोणत्या नियमानं नाव कटलं ते दाखवू शकतो. मला यासाठीच हा विषय फार मोलाचा वाटतो. ब्रिटनचा नागरिकत्व कायदा १९८६ मध्येच असा प्रोलॉगमध्ये मांडून दाखवला होता.

तरी खरं सांगतो, या नावाच्या जाहिराती क्वचितच निघतात. म्हणून फक्त यावर विसंबू नये. गणित सोडायचं नाही, पायथन आणि एसक्यूएल या कम्प्युटरच्या भाषा पक्क्या करायच्या. बीएस्सीनंतर सीईटी देऊन एमसीए, मग वाटल्यास ‘गेट’ या एमटेक प्रवेशाच्या परीक्षेचा डेटा सायन्स पेपर. त्याच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आहे. गेटवर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत एमटेकला अर्ज करता येतो.

प्रोलॉग चालवायचं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. दिवाळीत घरी आली की तिला पीएम-किसानचे नियम त्यात लिहायला सांगा. नंतर पेरणीचे. तेव्हा तुम्ही शेजारी बसा. त्यातले अपवाद तिला तुमच्याकडूनच घ्यावे लागतील.